शेवटचा प्रतिस्पर्धी आणि लपलेला खेळाडू

स्मरणिकेत काय असावे याचे संकेत ठरलेले असतात. संस्थेच्या स्थापनेची कहाणी, दात्यांची नामावली, दहावीच्या निकालांचे तक्ते, आणि इतिहासाच्या शिक्षकाने लिहायचे झाल्यास महाडचा सत्याग्रह किंवा नागपूरची धम्मदीक्षा. हे सारे विषय या अंकात माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी हाताळले आहेत. म्हणून मी आपल्या शाळेच्या मनोरंजन कक्षातील एका मारामारीच्या खेळावर लिहिण्याचे ठरवले. एका माजी विद्यार्थ्याने टीव्हीला जोडायची एक छोटी गेम स्टिक शाळेला भेट दिली. तीत शेकडो जुने खेळ आहेत. परंतु मुलांची गर्दी होते ती ‘स्ट्रीट फायटर’पाशी. पंचशीलाचे पठण करणाऱ्या शाळेत ठोसे-लाथांचा खेळ कशाला, असा प्रश्न काही पालकांनी विचारला. तो योग्यच आहे, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधी या खेळातील दोन प्रकारच्या पात्रांविषयी सांगितले पाहिजे: सर्वांत शेवटी भेटणारा ‘बॉस’, आणि यादीत नाव नसलेला, लपवून ठेवलेला खेळाडू.

‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली आणला. एक दांडा आणि सहा बटणे. तीन ठोशांची, तीन लाथांची. खेळणाऱ्याला निवडीसाठी आठ जण दिलेले होते. जपानचे ऱ्यू आणि होंडा, अमेरिकेचे केन आणि गाईल, चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, सोव्हिएत संघाचा झांगिफ आणि भारताचा ढालसिम. इतिहासाच्या माणसाला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही: ज्या वर्षी हा खेळ आला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात झांगिफचे राष्ट्र जगाच्या नकाशावरून पुसले गेले. आपल्या ढालसिमची तऱ्हा आणखी वेगळी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, रबरासारखे लांबणारे हातपाय आणि मागे झुलणारे हत्ती. बाहेरच्यांनी पाहिलेला भारत हा असा योग्यांचा आणि जादूचा असतो. त्यात नांगर धरणारा नसतो, गिरणीत राबणारा नसतो, शाळेत जाणारी मुलगी तर नसतेच.

या आठांच्या पलीकडे चार जण होते. मुष्टियोद्धा बालरॉग, हाताला पंजा बांधणारा स्पॅनिश व्हेगा, थायलंडचा एका डोळ्याचा सगॅट, आणि सर्वांत शेवटी हुकूमशहा बायसन. यांच्याशी लढता येई, पण यांना निवडता येत नसे. इतरांना हरवत हरवत त्यांच्या दारापर्यंत पोहोचायचे आणि बहुधा तिथेच पैसे संपायचे. त्यांच्या नावांचीही एक गंमत आहे. जपानी आवृत्तीत मुष्टियोद्ध्याचे नाव बायसन होते. त्याचे साम्य माईक टायसनशी उघड होते, म्हणून परदेशी आवृत्तीत कायदेशीर भानगड नको या विचाराने तिघांची नावे आपापसांत फिरवण्यात आली. मुष्टियोद्ध्याचे नाव हुकूमशहाला गेले, हुकूमशहाचे स्पॅनिश लढवय्याला आणि स्पॅनिश लढवय्याचे मुष्टियोद्ध्याला. एका देशात ज्याला व्हेगा म्हणतात तो दुसऱ्या देशात बायसन असतो. ताम्रपट आणि शिलालेख वाचताना ‘नाव एकच म्हणून माणूस एकच’ असे धरू नये, हे मुलांना समजावण्यासाठी मी हे उदाहरण आजही वापरतो.

१९९२-९३च्या सुमारास मी औरंगाबादेत इतिहासात एम.ए. करीत होतो. रविवारी संध्याकाळी आम्ही वसतिगृहातील दोघे-तिघे मित्र बसस्थानकाकडच्या एका अंधाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जात असू. रुपया दिला की एक टोकन मिळे. हरलेल्याने बाजूला व्हायचे आणि जिंकलेल्याने उभे राहायचे, एवढाच तेथला कायदा. आडनाव विचारून गाव आणि गावावरून वस्ती ओळखण्याचा जो उद्योग आम्हाला चहाच्या टपरीवरही चुकत नसे, त्याला त्या खोलीत कुणाकडे सवड नव्हती. टोकन सर्वांचे सारखेच होते. आमचे तेथे जाणे निव्वळ खेळासाठी नव्हते, हे मला फार पुढे उमगले.

तेवढ्यात ‘चॅम्पियन एडिशन’ आली. १९९२ सालच्या या आवृत्तीत चारही बॉस निवडीच्या यादीत आले. आमच्याकडील कित्येक पेट्यांत तर मूळ सर्किट नव्हतेच, फेरफार केलेल्या नकला होत्या. काहींत लढत चालू असताना स्टार्टचे बटण दाबले की गडी बदले; ऱ्यूचा क्षणात बायसन होई. ज्याने वर्षभर आमचे रुपये खाल्ले तो आता आमच्या बोटांखाली होता. पहिल्या दिवशी पार्लरमध्ये जी आरोळी उठली ती अजून कानात आहे.

आणि लगेचच एक कोडे पडले. यंत्राच्या हाती असलेला बायसन जो झंझावात करी, तो आमच्या हाती आल्यावर तसा होईना. कारण समजायला काही रविवार जावे लागले. बायसनचा अंगभर ज्वाळा घेऊन झेपावण्याचा डाव खेळायचा, तर दांडा आधी काही क्षण मागे ओढून धरावा लागतो, मग पुढे लोटून ठोसा मारावा लागतो. गाईलच्या डावांचेही तसेच: आधी थांबणे, मग वार. परंतु यंत्राच्या हातचा गाईल चालत पुढे येता येताच, क्षणभरही न थांबता, तेच डाव मारीत असे. ज्या प्रतीक्षेतून प्रत्येक खेळणाऱ्याला जावे लागे, ती यंत्राला माफ होती. आमच्या हातचा बायसनही तगडाच होता, इतरांहून चार पावले पुढेच होता. पण तो आता हरू शकत होता. ज्याला आम्ही त्याचे सामर्थ्य समजत होतो, त्यातला मोठा भाग सामर्थ्याचा नव्हता. नियमातून मिळालेल्या सवलतीचा होता.

त्याच महिन्यांत अभ्यासासाठी मनुस्मृतीचा आठवा अध्याय हाती होता. ज्या अपराधाला इतर वर्णांना देहदंड सांगितला आहे, त्याच अपराधाला ब्राह्मणाला केवळ मुंडण पुरे, असे तो अध्याय सांगतो. एकाच शिवीला बोलणाऱ्याचा वर्ण पाहून वेगवेगळा दंड आहे. वाचताना मला पार्लरमधली पेटी आठवली, हे मी आमच्या प्राध्यापकांना सांगितले नाही. पण माझ्यापुरते एक सूत्र हाती आले. शतकानुशतके जे श्रेष्ठत्व म्हणून मिरवले गेले, त्यात गुण किती आणि सूट किती, हे वेगळे काढून पाहिले पाहिजे. आणि ते वेगळे काढण्याचा मार्ग एकच: सर्वांना एकाच नियमाखाली आणणे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले तो सवलतींचा ग्रंथ होता, आणि संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने जे दिले ते सर्वांसाठी एकच दांडा आणि तीच सहा बटणे. त्यानंतर जो जिंकेल, तो जिंकेल.

आता लपलेल्या खेळाडूकडे येतो. त्याची कथा एका चुकीच्या भाषांतरापासून सुरू होते. मूळ जपानी खेळात ऱ्यू जिंकल्यावर आपल्या ‘शोर्युकेन’ या डावाचा, म्हणजे उसळत्या ड्रॅगनच्या ठोशाचा, उल्लेख करतो. तो डाव भेदल्याशिवाय तुला जय नाही, असा त्याचा आशय. इंग्रजी करताना त्यातील अक्षरे चिनी उच्चाराने वाचली गेली आणि डावाचा माणूस झाला: शेंग लाँग. मग हा शेंग लाँग कोण, कुठे भेटतो, याचा जगभर शोध सुरू झाला. ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ या अमेरिकी मासिकाने १९९२च्या एप्रिल अंकात त्याला गाठण्याची युक्ती छापली. ऱ्यूला घेऊन एकही फटका न खाता शेवटपर्यंत जायचे, आणि बायसनसमोर कुणी कुणाला न मारता दहा फेऱ्या वेळ संपवायची. मग शेंग लाँग प्रकट होऊन बायसनला भिरकावून देईल. ती एप्रिल फूलची थट्टा होती. तरीही असंख्य मुलांनी त्यापायी नाणी ओतली. औरंगाबादेत ते मासिक आम्ही पाहिलेही नव्हते, पण अफवा पोहोचली होती. कुणाच्या तरी मावसभावाने मुंबईत तो पाहिला होता, आणि मावसभाऊ नेहमी मुंबईतच असे.

केसमुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, येथे येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कुणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या, असा त्या उपदेशाचा गाभा आहे. शेंग लाँगला तो लावून पाहा. ‘मासिकात छापले आहे’ हे ग्रंथप्रामाण्य झाले, ‘मावसभाऊ सांगतो’ हे आप्तवचन झाले. दोन्ही बाजूला ठेवल्यावर काय उरते? एक चुकलेले भाषांतर.

मात्र कथा येथे संपत नाही. १९९४ साली आलेल्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’ या आवृत्तीत कंपनीने खरोखरच एक पात्र लपवले. जपानीत गौकी, परदेशी आवृत्तीत अकुमा, म्हणजे सैतान. काही अटी पूर्ण करून खेळाडू शेवटच्या लढतीपर्यंत पोहोचला की हा अचानक येतो, बायसनला क्षणात संपवतो आणि स्वतः समोर उभा राहतो. ज्याला आपण शेवट समजत होतो, त्याच्याही मागे कुणी होते. त्याला स्वतः खेळायचे असेल तर गुप्त खूण आहे: निवडीच्या पडद्यावर ऱ्यू, टी. हॉक, गाईल, कॅमी आणि पुन्हा ऱ्यू या प्रत्येकावर क्षणभर थांबत जायचे, आणि अखेरीस स्टार्टसह तिन्ही ठोशांची बटणे दाबायची. यंत्राच्या हातचा अकुमा अधिक कठोर, खेळाडूच्या हाती येणारा थोडा सौम्य. पण तोही इतका भारी, की हवेतून तिरपे अग्निगोळे टाकणाऱ्या या गड्याला स्पर्धांमध्ये खेळाडूंनी स्वतःच मज्जाव केला.

यादीत नसलेला खेळाडू म्हटले की मला सम्राट अशोक आठवतो. पुराणांतील राजांच्या वंशावळीत त्याचे नाव उरले होते, बौद्ध ग्रंथांत कथा उरल्या होत्या, आणि देशभर शिळा व स्तंभ उभे होते. पण ती लिपी वाचणारा कुणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा ‘देवानंपिय पियदसि’ नावाचा राजा प्रकटला. तो अशोकच, हे जॉर्ज टर्नरने सिंहलद्वीपाच्या ग्रंथांवरून दाखवले. आणि १९१५ साली मस्कीला सापडलेल्या शिलालेखात प्रत्यक्ष ‘असोक’ हे नाव मिळाले. आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली स्तूपाचे उत्खनन केले, तेथेही त्याच राजाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. शेंग लाँग आणि अशोक यांच्यात फरक हा. एकाची सर्वत्र चर्चा होती आणि तो कुठेच नव्हता. दुसरा सर्वत्र उभा होता आणि त्याची चर्चा कुठेच नव्हती. ज्या समाजाला ‘तुमचा इतिहास कुठे आहे?’ असे विचारले गेले, त्या समाजाच्या मुलांना हा फरक कळला पाहिजे. आपल्याला अफवेची गरज नाही. लिपी शिकण्याची आहे.

आता आपल्या मनोरंजन कक्षाकडे. गेम स्टिक आली त्या वर्षी मोठ्या वर्गातील मुलांनी बायसन आणि सगॅट आपल्याकडे ठेवले. धाकट्यांच्या वाट्याला उरलेसुरले येई. सहावीत नव्याने आलेला एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला जात. वर्षातले सहा महिने गाव सुटलेले, त्यामुळे आधीच्या दोन शाळाही सुटलेल्या. त्याच्या वाट्याला नेहमी ढालसिम येई, कारण तो कुणालाच नको असे. अकुमाची खूण मुलांमध्ये फिरत होती. कुणाच्या तरी दादाने पाच नावे सांगितली होती, सगळे भराभर दांडा फिरवीत, काही होत नसे, आणि ‘थाप आहे’ म्हणून सोडून देत. या मुलाने वहीच्या मागच्या पानावर प्रयोगांची नोंद ठेवली. क्रम तोच ठेवून त्याने थांबण्याचा काळ बदलून पाहिला. कवायतीत आकडे मोजतात तसे प्रत्येक चेहऱ्यावर मनात मोजत तो गेला, आणि एका शनिवारी पडद्यावर अकुमा उभा राहिला. त्या दिवशी त्याने नववी-दहावीच्या मुलांना ओळीने हरवले.

सोमवारी तक्रार माझ्याकडे आली. “सर, ह्याला घेतलं की चीटिंग होते. बंद करा.” आजवर बायसन न सोडणाऱ्यांना आता न्याय आठवला होता, हे त्या मुलांनाही कळत असावे; कारण सांगताना ती एकमेकांकडे पाहत होती. मी निर्णय दिला नाही. विषय विद्यार्थी-सभेत ठेवायला सांगितले. भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम ठाऊक होते, ही गोष्ट बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आवर्जून नोंदवली होती. ते आमच्या मुलांनी पाठ केले आहे. वापरायला प्रसंग हवा होता.

सभा तासभर चालली. दोन ठराव झाले. पहिला: अकुमा यंत्राविरुद्ध चालेल, एकमेकांविरुद्ध नाही. दुसरा: कुणालाही कोणताही गडी राखून ठेवता येणार नाही, पाळी येईल त्याने आधी निवडायचे, मग तो पाचवीतला असो वा दहावीतला. दुसरा ठराव बराच घासून, थोड्याच मतांनी पारित झाला. पहिल्या ठरावाला त्या सहावीतल्या मुलाने हात वर केला, तेव्हा मला आश्चर्य वाटले. बाहेर आल्यावर विचारले. तो म्हणाला, “सर, त्याला घेतल्यावर मी कुठं जिंकतो, तोच जिंकतो.” आणि मग जरा थांबून, “पण पाळीचं झालं ते बरं झालं.”

त्यानंतरही तो ढालसिमच घेत असे, आता स्वतः निवडून. लांबलेले हात केव्हा मारायचे आणि मारल्यावर किती वेळ उघडे पडतो, याची नोंदही त्याच वहीत होती.

पालकांच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हा खेळ हिंसेचे चित्रण आहे, आणि अहिंसेची शिकवण देणाऱ्या शाळेने त्याविषयी जागरूक राहिलेच पाहिजे. म्हणून वेळ ठरलेली आहे, आणि रक्तपात दाखवणारे खेळ काढून टाकले आहेत. मात्र एक गोष्ट पालकांनी जरूर पाहावी. सगॅटची लढत अयुथ्थयेत होते, थायलंडच्या त्या जुन्या राजधानीत जी १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. लढणाऱ्यांच्या मागे भगवान बुद्धांची विशाल पहुडलेली मूर्ती आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे जे शिल्प आपण सहलीत दाखवतो, त्याच मुद्रेतील. खेळ करणाऱ्यांनी ती शोभेसाठी घेतली असेल. परंतु आपली मुले तेथे पोहोचली की कुणीतरी हमखास म्हणते, “सर, मागे बुद्ध बघा,” आणि क्षणभर बटणे थांबतात. त्या क्षणात एखादा मार खातो, हेही खरे.

या शाळेतून बाहेर पडलेले अनेक जण आज तहसील कचेरीत, बँकेत, रुग्णालयात, महाविद्यालयात अधिकाराच्या जागी आहेत. ज्या पात्रांना आपल्या आजोबांना नुसते दुरून पाहता येत होते, ती आज तुमच्या हाती आहेत, आणि त्याचा आम्हा शिक्षकांना अभिमान आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बोलताना बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली, तिचे स्मरण या स्मरणिकेत कुणीतरी करून द्यायला हवे, म्हणून मी करतो. खुर्चीबरोबर सूटही हाती येते: रांगेत न थांबण्याची, उत्तर न देण्याची, आपल्या माणसासाठी नियम वाकवण्याची. ती सूट वापरली की आपण जिंकल्यासारखे वाटते. पुढच्या स्नेहमेळाव्याला याल तेव्हा मनोरंजन कक्षात जरूर डोकवा. तेथे भिंतीवर मुलांनी लिहिलेले दोन ठराव लावले आहेत. दुसरा ठराव तुमच्या कचेरीतही लावता येईल का, एवढा विचार परतीच्या प्रवासात करावा.